वठलेल्या वृक्षांचे अर्थशास्त्र : वन्यजीव अधिवास आणि वनव्यवस्थापन

वनव्यवस्थापनाच्या पारंपरिक हिशेबात झाडाच्या दोनच अवस्था मानल्या जातात : वाढणारे झाड आणि तोडणीस आलेले झाड. शेंडा वाळलेले, गाभा कुजलेले, वीज पडून फाटलेले किंवा उभेच्या उभे वठलेले झाड या दोन्हींत बसत नाही. हिशेबवहीत ते 'नुकसान' या सदरात जाते. ते लवकरात लवकर तोडून, ओंडके करून विक्री आगारात आणावे आणि मिळेल तेवढी किंमत वसूल करावी, असा दीर्घकाळचा प्रघात आहे. या तोडीला 'स्वच्छता तोड' असे नाव दिले जात असे. नावातच वठलेले झाड म्हणजे जंगलातील घाण, हा निवाडा आलेला आहे.

हा दृष्टिकोन केवळ वनखात्यापुरता मर्यादित नाही. हरियाणा शासनाने २०२३ मध्ये 'प्राणवायू देवता' योजनेखाली ७५ वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना दरवर्षी २,७५० रुपये निवृत्तिवेतन देण्यास प्रारंभ केला. कल्पना स्वागतार्ह आहे. वृद्ध वृक्षाला आर्थिक मूल्य देणारे असे उपक्रम देशात फार थोडे आहेत. परंतु या योजनेच्या पात्रतेच्या अटींत पडलेली, पोकळ, वाळलेली व रोगट झाडे वगळलेली आहेत. म्हणजे वृक्षाचे वय वाढत जाऊन त्याच्या खोडात ढोली तयार झाली, की त्याचे निवृत्तिवेतन बंद होते. वन्यजीवांच्या दृष्टीने तो वृक्ष नेमका त्याच क्षणी सर्वाधिक मौल्यवान झालेला असतो.

जीर्ण व मृत वृक्ष हा जंगलाच्या नैसर्गिक भांडवलाचा एक स्वतंत्र घटक आहे. तो तयार होण्यास पिढ्या लागतात, तो बाजारात विकत घेता येत नाही आणि त्याचा लाभ घेणारे व त्याच्या संरक्षणाची किंमत मोजणारे वेगवेगळे असतात. प्रस्तुत लेखात या घटकाचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने केला आहे. पर्यावरण आणि अर्थव्यवस्था या दोन्ही घटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना बाह्यता, संधिव्यय, सार्वजनिक वस्तू, वटाव दर आदी संकल्पना एकाच उदाहरणात पाहता येतील.

झाडाचे मरण आणि ढोलीचा जन्म

निरोगी वृक्षाच्या खोडातही आतला गाभा हा मृत पेशींचाच बनलेला असतो. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरचा रसकाष्ठाचा थर करतो, तर साल आणि रसकाष्ठ यांच्यामधील पातळ थरात वाढ होत असते. फांदी मोडल्याने, वीज पडल्याने किंवा वणव्याने सालीला जखम झाली, की तेथून बुरशीचा शिरकाव होतो आणि गाभा हळूहळू कुजू लागतो. बाहेरून हिरवे, फळाफुलांनी लगडलेले झाड आतून पोकळ असू शकते आणि तरीही ते पुढे अनेक दशके जगू शकते. म्हणूनच 'मृत वृक्ष' आणि 'ढोली असलेला जिवंत वृक्ष' यांत फरक करणे आवश्यक आहे. व्यवस्थापनाचे नियम दोहोंसाठी सारखे असू शकत नाहीत.

ढोलीत राहणाऱ्या प्राण्यांचे दोन गट पडतात. सुतार पक्षी आणि तांबट हे स्वतःच्या चोचीने ढोली कोरतात, म्हणून त्यांना प्राथमिक ढोलीकर म्हणता येईल. मऊ पडलेले लाकूड त्यांना सोयीचे असते. दुसरा गट स्वतः ढोली कोरू न शकणाऱ्यांचा, म्हणजे दुय्यम ढोलीवासीयांचा. धनेश, पिंगळा, पोपट, साळुंकी, नीलपंख, उडती खार, कित्येक वटवाघळे, घोरपड इतकी मोठी ही यादी आहे. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली पुढे कित्येक वर्षे इतरांच्या उपयोगी पडते. कॅथी मार्टिन आणि जॉन एडी या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये या परस्परावलंबनाला अन्नजाळ्याच्या धर्तीवर 'घरटे-जाळे' अशा अर्थाची संज्ञा दिली.

मधमाशीचा उल्लेख येथे मुद्दाम करावा लागेल. आग्या मधमाशी उघड्यावर पोळे बांधते. परंतु आपली सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत किंवा तशाच अंधाऱ्या पोकळीत वसाहत करते. शेतीतील परागीभवनाचा लाभ शेतकऱ्याला मिळतो, पण त्याच्या बांधाशेजारच्या पोकळ झाडाच्या मालकाला त्याबद्दल काहीच मिळत नाही. धन बाह्यतेचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. घुबडे आणि पिंगळे शेतातील उंदरांवर ठेवत असलेले नियंत्रण हेही त्याच प्रकारात मोडते.

वृक्ष जमिनीवर पडल्यानंतरही त्याचे काम संपत नाही. वाळवी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, बुरशी आणि सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात, पोषकद्रव्ये मातीत परत जातात आणि ओलावा टिकून राहतो. फिनलंडमध्ये वनातील सुमारे २० ते २५ टक्के प्रजाती कोणत्या ना कोणत्या प्रकारे मृत काष्ठावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे. शीत प्रदेशातील हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण उष्ण कटिबंधात वाळवी आणि आर्द्रता यांमुळे लाकूड फार लवकर कुजते. साग व साल यांचा गाभा टिकाऊ असतो, तर सालईसारखे मऊ लाकूड थोड्या वर्षांत नाहीसे होते. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. आपल्याकडे मृत वृक्षांचा साठा लवकर आटतो. म्हणून तो टिकवायचा तर जीर्ण होत जाणाऱ्या वृक्षांची नवी भर सातत्याने पडत राहिली पाहिजे. आहे तेवढा साठा राखून भागणार नाही.

परिपक्वतेच्या दोन व्याख्या

झाड केव्हा तोडावे, या प्रश्नाचे अर्थशास्त्रीय उत्तर मार्टिन फाउस्टमन या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्ये मांडले. उभ्या झाडात आणि त्याखालच्या जमिनीत गुंतलेल्या भांडवलावर मिळू शकणाऱ्या व्याजापेक्षा झाडाच्या मूल्यातील वार्षिक वाढ कमी झाली, की ते तोडून नवी लागवड करावी, असे या विवेचनाचे सार आहे. यालाच वित्तीय परिपक्वता म्हणतात. आपल्याकडे सागाचे आवर्तन बहुधा ६० ते ८० वर्षांचे, तर निलगिरीचे १० वर्षांच्या आतबाहेर ठेवले जाते.

आता वित्तीय परिपक्वता आणि जैविक जीर्णता यांची तुलना करावी. झाड आर्थिकदृष्ट्या परिपक्व होते तेव्हा त्याचा गाभा घट्ट आणि निरोगी असतो. किंबहुना म्हणूनच त्याला भाव येतो. धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याला पुरेशी ढोली त्यानंतर कित्येक दशकांनी तयार होते. म्हणजे शास्त्रशुद्ध आवर्तनाने चालवलेल्या वनात ढोली चुकून नष्ट होते असे नाही. ती निर्माणच होत नाही. रोपवने हिरवीगार असूनही त्यांत ढोलीवासी पक्ष्यांची वानवा का असते, याचे उत्तर झाडांच्या संख्येत शोधण्यापेक्षा त्यांच्या वयाच्या रचनेत शोधावे लागेल.

रिचर्ड हार्टमन यांनी १९७६ मध्ये फाउस्टमनच्या मांडणीत महत्त्वाची भर घातली. उभे वन लाकडाव्यतिरिक्त अन्य सेवाही देत असेल, तर त्या सेवांचे मूल्य धरून योग्य आवर्तन लांबते आणि सेवांचे मूल्य पुरेसे मोठे असल्यास वन कधीच न तोडणे हाच किफायतशीर पर्याय ठरतो. मात्र त्यासाठी सेवांचे मूल्यमापन झालेले असावे लागते.

येथे वटाव दराची अडचण पुढे येते. आज लावलेल्या झाडापासून १०० वर्षांनी १०० रुपये मूल्याची अधिवास-सेवा मिळणार असेल, तर ५ टक्के वटाव दराने तिचे आजचे मूल्य जेमतेम ७६ पैसे भरते. २ टक्के दराने ते सुमारे १३ रुपये ८० पैसे होते. एवढ्यासाठी कोणताही खासगी गुंतवणूकदार झाड राखणार नाही. परंतु हेच गणित उलट बाजूनेही वाचता येते. आज उभ्या असलेल्या शतायुषी, ढोलीदार वृक्षाला वटाव लावण्याची गरज नाही. त्याची सेवा आजच मिळत आहे. तो तोडला, तर त्याच्या जागी लावलेले रोप पुढील १०० वर्षे ती सेवा देऊ शकणार नाही. म्हणून 'एका झाडाच्या बदल्यात दहा झाडे' हा हिशेब लाकडाच्या बाबतीत कदाचित खरा असेल, अधिवासाच्या बाबतीत तो खोटा आहे.

वनजमिनीच्या निव्वळ वर्तमान मूल्याच्या आकारणीतही ही त्रुटी दिसते. कांचन चोप्रा समितीच्या अहवालाच्या आधारे पुढे झालेल्या कामावरून सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २००८ रोजी हे दर प्रतिहेक्टर ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे निश्चित केले. अभयारण्यासाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट आकारणी ठरली. दर कालांतराने सुधारण्यात आले. पण वर्गवारीचा पाया वनाचा प्रकार आणि छत्राची घनता हाच राहिला. छत्राची घनता उपग्रहातून दिसते, खोडातील पोकळी दिसत नाही. त्यामुळे एकाच वर्गातील तरुण दाट वन आणि जुने ढोलीदार वन यांचे मूल्य कागदावर सारखेच भरते. याच्या तुलनेत महाराष्ट्राने २०२१ मध्ये नागरी वृक्ष कायद्यात केलेली दुरुस्ती अधिक विचारपूर्वक आहे. तीत ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले असून, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आहे. वय हा घटक प्रथमच हिशेबात आला. रोपे लावून वय भरून निघत नाही हे खरे, तरी जुने झाड तोडणे महाग झाले, हेही कमी नाही.

परीक्षार्थींनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. वनातील कार्बनचे पाच साठे मानले जातात : जमिनीवरील जैवभार, जमिनीखालील जैवभार, मृत काष्ठ, पालापाचोळा आणि मृदेतील सेंद्रिय कार्बन. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील वनांचा एकूण कार्बन साठा ७२८.५५ कोटी टन आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा मृदेचा, तर मृत काष्ठाचा अगदी अल्प आहे. केवळ कार्बनच्या तराजूत तोलले तर मृत वृक्ष नगण्य ठरतो. हवामान बदलाच्या चर्चेने वनांचे मूल्य वाढवले खरे, पण त्या चर्चेत वठलेल्या झाडाला स्वतंत्र स्थान मिळालेले नाही, त्याचे हे एक कारण आहे.

कायद्याची भूमिका

गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी दिलेला आदेश या विषयात मैलाचा दगड मानावा लागेल. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून मृत, रोगट, मरणोन्मुख व वाऱ्याने पडलेली झाडे, वाहून आलेले लाकूड, गवत इत्यादी काढून नेण्यास या आदेशाने मनाई केली. तोपर्यंत 'वाळलेलेच तर आहे' या सबबीखाली संरक्षित क्षेत्रांतूनही लाकूड बाहेर पडत होते आणि वाळलेल्यासोबत हिरवेही जात होते. वाळलेले झाड नेमके कोणते, हे ठरवणारा आणि तोडणारा एकच असेल, तर असे होणारच.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील कलम २९ मध्येही २००२ च्या दुरुस्तीने कडक अटी आल्या. अभयारण्यातील वनोपज काढणे हे तेथील वन्यजीवांच्या अधिक चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असल्याची राज्य शासनाची खात्री पटली पाहिजे, त्यासाठी राज्य वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय झाला पाहिजे, आणि काढलेले वनोपज अभयारण्यात वा त्याच्या परिसरात राहणाऱ्या लोकांच्या वैयक्तिक व खऱ्या गरजांसाठीच वापरता येईल, व्यापारासाठी नाही. शेवटची अट अर्थशास्त्रीयदृष्ट्या सर्वांत परिणामकारक होय. विक्रीच बंद झाल्याने तोडीमागचा महसुली हेतू नाहीसा होतो.

तथापि देशातील बहुतांश वनक्षेत्र हे राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या बाहेर आहे. तेथे कार्य आयोजनांनुसार व्यवस्थापन चालते. त्यासाठीची राष्ट्रीय संहिता २००४, २०१४ आणि २०२३ मध्ये सुधारली गेली व जैवविविधतेला तीत उत्तरोत्तर अधिक स्थान मिळाले. तरीही वाळलेल्या झाडांची तोड हा विभागीय पातळीवरील नित्याचा व्यवहार राहिला आहे. रानपिंगळ्याचे उदाहरण याबाबत बोलके आहे. १८८४ नंतर विश्वसनीय नोंद नसलेला आणि नामशेष समजला गेलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ परिसरात पुन्हा सापडला. पुढे मेळघाटातही तो आढळला. तो ढोलीत अंडी घालतो आणि राहतो सागाच्या पानझडी वनात, म्हणजे जेथे लाकडाचे मोल सर्वाधिक तेथेच. मेळघाटातील व्याघ्र प्रकल्पात त्याला संरक्षण आहे. त्याबाहेरच्या सागवनात त्याचे भवितव्य तोडीसाठी खुणा करणाऱ्या वनरक्षकाच्या हातातील हातोड्यावर अवलंबून राहते.

सरपण कोणाचे?

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. वाळलेले लाकूड हे ग्रामीण गरिबाचे इंधन आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे शहरी भागात ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होती. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडणी कोट्यवधी घरांत पोहोचवली हे निर्विवाद आहे. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि दर महिन्याला सिलिंडर भरून आणणे वेगळे. रानातील मोळीला रोख पैसे लागत नाहीत; तिची किंमत बाईच्या श्रमात आणि वेळेत मोजली जाते व ती कोणत्याही हिशेबात येत नाही.

अशा वेळी 'वाळलेले लाकूड वन्यजीवांसाठी राखा' असे म्हणणे म्हणजे संवर्धनाचा लाभ संपूर्ण देशाला आणि त्याचा संधिव्यय मात्र सर्वांत दुर्बल घटकाला, असे वाटप करणे होय. वन हक्क अधिनियम २००६ ने गौण वनोपजाच्या व्याख्येत काटक्या-झुडपांबरोबर खुंटांचाही समावेश केला आहे. एकीकडे मृत काष्ठ अधिवास म्हणून राखण्याचा आदेश, दुसरीकडे त्याच्या काही भागावर वननिवासींचा कायदेशीर हक्क, असा हा पेच वरवर पाहता दिसतो.

माझ्या मते हा संघर्ष जितका वाटतो तितका मोठा नाही. मोळी बांधणाऱ्या बाईला मनगटाएवढ्या जाडीच्या, कोयत्याने तुटतील आणि डोक्यावर वाहता येतील अशा फांद्या हव्या असतात. दोन माणसांच्या कवेत न मावणारा वठलेला बुंधा तिच्या उपयोगाचा नाही. तो तोडायला करवत, माणसे आणि वाहन लागते. धनेशाला किंवा घुबडाला नेमका तोच बुंधा हवा असतो. म्हणजे एकाच 'मृत काष्ठ' या शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना मागणी करणारेही वेगळे आहेत. जाड बुंध्यासाठी वन्यजीवांचा खरा स्पर्धक मोळीवाली नसून लिलावात ओंडके घेणारा ठेकेदार, वीटभट्टी आणि कोळसा पाडणारा व्यावसायिक हा आहे. जाडीची मर्यादा घालून नियम केला तर गरिबाचे सरपण आणि पक्ष्याची ढोली, दोन्ही बऱ्याच अंशी वाचू शकतात. बारीक काष्ठ सतत उचलल्याने मातीची पोषकता घटते, हा आक्षेप खरा आहे; परंतु ती किंमत मोळी बंद करण्याच्या सामाजिक किंमतीपेक्षा कमी आहे.

नियम करताना प्रोत्साहनाची दिशा मात्र पाहिली पाहिजे. फक्त मेलेले झाड नेण्यास परवानगी असेल, तर जिवंत झाड मारण्याला बक्षीस मिळते. बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढला किंवा मुळाशी आग लावली, की पुढील एक-दोन वर्षांत झाड 'नैसर्गिकरीत्या' वाळते. अर्थशास्त्रात याला विकृत प्रोत्साहन म्हणतात.

कीड, वणवा आणि सुरक्षितता

मृत वृक्ष ठेवण्यास वनाधिकाऱ्यांचा पहिला आक्षेप किडीचा असतो. येथे मध्य प्रदेशातील सालपोखर किडीचा अनुभव उपयुक्त आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९९७-९८ मध्ये, मंडला व लगतच्या भागातील सालवनांत या भुंगेऱ्याचा मोठा उद्रेक झाला आणि लाखो झाडे बाधित झाली. याच भागात १९२० च्या दशकातही असा उद्रेक झाला होता. या भुंगेऱ्याचे जीवनचक्र साधारणतः एक वर्षाचे असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रौढ भुंगेरे बाहेर पडतात, कमकुवत किंवा नुकत्याच पडलेल्या सालवृक्षाच्या सालीवर अंडी घालतात आणि अळ्या खोड पोखरतात. ताज्या सालरसाच्या वासाकडे भुंगेरे आकर्षित होतात, म्हणून सालीचे ओंडके ठेचून सापळे लावणे आणि जमलेले भुंगेरे गावकऱ्यांकडून मोबदला देऊन गोळा करून घेणे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

यातून निघणारा धडा साधा आहे. अळ्या आत असलेले बाधित झाड वेळेत काढणे हा कीडनियंत्रणाचा भाग होऊ शकतो. भुंगेरे उडून गेल्यानंतर उरलेले वाळके खोड तोडणे ही केवळ लाकूडविक्री आहे; तिला कीडनियंत्रण म्हणू नये. वर्षानुवर्षे वठून उभे असलेल्या झाडात राहणारे कीटक बहुधा मृत लाकडावरच जगणारे असतात, शेजारच्या निरोगी झाडाला त्यांचा उपद्रव नसतो. उलट सुतार पक्ष्यांचे मुख्य खाद्य खोडातील अळ्या हेच आहे.

युरोपातही हा वाद झाला. पोलंडने बियावोविएझा या प्राचीन वनात सालीखालच्या भुंगेऱ्याच्या निमित्ताने २०१६ नंतर तोड वाढवली. एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती युरोपीय संघाच्या निसर्गसंरक्षण कायद्याचा भंग करणारी ठरवली.

वणव्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. उभे वाळके खोड पेटले की वरून ठिणग्या उडतात आणि आग जाळपट्टा ओलांडू शकते. म्हणून जाळपट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना असे वृक्ष ठेवू नयेत. रस्ते, वस्त्या, शाळा, पर्यटकांच्या वाटा व मुक्कामाच्या जागा यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. शहरांत दर पावसाळ्यात झाड पडून माणसे दगावतात. तेथे अधिवासाचा युक्तिवाद पुढे करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. मात्र तेथेही संपूर्ण झाड भुईसपाट करण्याऐवजी धोकादायक फांद्या उतरवून भक्कम बुंधा ठेवता येतो.

पाक्केचा अनुभव

अरुणाचल प्रदेशातील पाक्के व्याघ्र प्रकल्प सुमारे ८६२ चौरस किलोमीटरचा आहे. धनेशाच्या अनेक प्रजाती येथे आढळतात. टेट्रामेलिस न्युडिफ्लोरा या, आसामीत 'भेलू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड उंच व मऊ लाकडाच्या वृक्षातील ढोल्या त्यांना विशेष पसंत आहेत. धनेशाची मादी ढोलीत शिरून विष्ठा व अन्नाच्या लगद्याने तोंड लिंपून घेते, केवळ एक अरुंद फट ठेवते आणि महाधनेशाच्या बाबतीत सुमारे तीन ते चार महिने आतच राहते. या काळात तिचे व पिलाचे सारे पोषण नर करतो. नर मारला गेला तर संपूर्ण कुटुंब संकटात येते. झाड पडले तर त्या जोडीचा विणीचा हंगाम वाया जातो. तीच ढोली वर्षानुवर्षे वापरली जात असल्याने एका झाडाचे नुकसान म्हणजे अनेक पिढ्यांचे नुकसान ठरते.

प्रकल्पाच्या सीमेबाहेरच्या पापुम राखीव वनात अशी झाडे होती, पण संरक्षण नव्हते. २०११-१२ मध्ये राज्य वन विभाग, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन आणि न्यिशी समाजातील ग्रामप्रमुखांची घोरा-आभे सोसायटी यांनी मिळून 'घरटे दत्तक' योजना सुरू केली. देशभरातील नागरिक एखाद्या घरट्यासाठी वार्षिक देणगी देतात. त्यातून गावातील घरटे-रक्षकांना वेतन मिळते. या रक्षकांत पूर्वी शिकार करणारेही आहेत. ढोली शोधणे, विणीच्या काळात निरीक्षण करणे, तोड व शिकार रोखणे ही त्यांची कामे होत.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला परिसंस्था सेवांसाठी मोबदला म्हणतात. लाभार्थी दूर, किंमत मोजणारा जवळ, आणि दोघांमध्ये पैशाचा एक पूल. या योजनेचे मोठेपण मान्य करूनही तिची मर्यादा सांगितली पाहिजे. देखणा, मोठा, लोकप्रिय पक्षी असल्यामुळे देणगीदार मिळतात. वटवाघळाच्या किंवा घोरपडीच्या ढोलीसाठी ते मिळणे कठीण. शिवाय घरट्याचे रक्षण झाले तरी भोवतालचे वन राहिले पाहिजे. पापुम राखीव वनात २०१३ ते २०१७ या काळात वनाच्छादन लक्षणीय घटल्याचे उपग्रह प्रतिमांवरून दिसून आले. ऐच्छिक देणगी सार्वजनिक वस्तूचा पुरवठा सुरू करू शकते. तो पुरेसा करणे हे शासनाचेच काम आहे.

केरळमधील वाझाचल वनविभागात काडर आदिवासींनी धनेशांच्या घरट्यांचे निरीक्षण व रक्षण हाती घेतले आहे. सह्याद्रीतील देवराया हे याचेच जुने रूप म्हणावे लागेल. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून या देवरायांची शास्त्रीय नोंद झाली. अनेक देवरायांत पडलेली वाळकी काटकीही उचलू नये असा दंडक होता. देवाचा धाक हे त्याचे रूप. परिणाम मात्र जीर्ण वृक्षांचा अखंड साठा टिकण्यात झाला.

व्यवस्थापनात काय बदलावे?

अमेरिकेच्या वनसेवेने १९७९ मध्ये जॅक वॉर्ड थॉमस यांच्या संपादनाखाली ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील ब्लू माउंटन्स प्रदेशासाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सुतार पक्ष्यांची अमुक इतकी संख्या हवी असेल तर एकरी किती व किती जाडीचे मृत वृक्ष उभे ठेवावे लागतील, याचे गणित तीत मांडले होते. आकडे पुढे दुरुस्त झाले, पण पद्धत रुजली. आपल्याकडे प्रत्येक वनप्रकारासाठी असे मानक ठरवण्यासाठी प्रथम मोजणी हवी. कार्य आयोजनासाठी वृक्षगणना होतेच. त्याच प्रपत्रात ढोली आहे किंवा नाही आणि वठलेल्या बुंध्याचा घेर किती, एवढे दोन रकाने वाढवले तर खर्चात फारशी भर पडणार नाही.

तोडीच्या कूपात राखावयाच्या वृक्षांवर तोडीच्या खुणेइतकीच स्पष्ट, पण वेगळी खूण असावी. राखायच्या वृक्षांत आजचे ढोलीदार वृक्ष तर असावेतच, परंतु ५० वर्षांनी त्यांची जागा घेतील असे वेडेवाकडे, लाकूड म्हणून कमी किमतीचे वृक्षही असावेत. अशा झाडांचा संधिव्यय अल्प असतो, कारण ठेकेदारालाही ती नकोच असतात. एकसुरी रोपवनात जेथे एकही जुना वृक्ष नाही तेथे काही झाडांची साल वलयाकार काढून ती उभीच मारण्याचा प्रयोग परदेशांत केला जातो. ही युक्ती आपल्या वनखात्याच्या इतिहासाला नवी नाही : ब्रह्मदेशात ब्रिटिश काळी सागाला असेच वलय पाडून तो दोन-तीन वर्षे उभा वाळू देत, कारण ओला साग नदीत तरंगत नसे.

कृत्रिम ढोल्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील फ्रान्सिस मॅरियन वनातील बहुतांश ढोलीदार पाइन वृक्ष कोसळले, तेव्हा तेथील लाल-कर्णरेषी सुतार पक्ष्यांसाठी झाडांत कृत्रिम ढोल्या बसवण्यात आल्या आणि पक्षी वाचले. परंतु त्यासाठी मनुष्यबळ, देखभाल आणि निधी दीर्घकाळ लागतो. वठत चाललेला वृक्ष हेच काम फुकट करीत असतो.

निर्णयाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतो. वन हक्क अधिनियमाच्या कलम ३(१)(झ) नुसार सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला आहे आणि कलम ५ नुसार वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवर येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. अशा गावांच्या व्यवस्थापन आराखड्यात राखीव बुंध्यांची यादी, सरपणाच्या जाडीची मर्यादा आणि जाळपट्ट्यालगतची सूट ग्रामसभेनेच ठरवावी. कोणत्या झाडात घुबड आहे आणि कोणत्यात सातेरीचे पोळे, हे गावातील माणसांना कोणत्याही गणनेशिवाय ठाऊक असते. मात्र बुंधा न विकल्यामुळे बुडणारे उत्पन्न ग्रामसभेने एकटीने सोसावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियम २०१६ खाली राज्यांकडे जमा असलेल्या रकमेचा मोठा भाग नवी रोपे लावण्यावर खर्च होतो. त्यातील काही हिस्सा उभे जुने वृक्ष राखणाऱ्या गावांना वार्षिक मोबदला म्हणून देता येईल काय, यावर धोरणकर्त्यांनी विचार करावा.